पाठीचे स्नायू आणि पाठीवरचे स्नायू

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजाराजवळच्या एका व्यायामशाळेत संध्याकाळी मुलांना जोर, बैठका आणि मल्लखांब शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकांनी प्रश्न पाठवला आहे. उत्तरायणाचे, म्हणजे पतंगबाजीचे, दोन दिवस संपले की त्यांच्याकडची बरीच मुले ‘पाठ दुखते’ म्हणून फऱ्याच्या (खांद्यामागच्या त्रिकोणी हाडाच्या) आतल्या कडेशी बोट लावतात. त्यातच १५ वर्षांच्या एका मुलाचा उजवा फरा जोर काढताना बरगड्यांपासून सुटून पंखासारखा वर येतो, हे त्यांच्या लक्षात आले आहे. मुलांची पाठ कमकुवत आहे असे समजून ते सर्वांना ‘खांदे मागे खेचा आणि दाबून धरा’ अशी सूचना देत आले आहेत. ही सूचना योग्य आहे का, आणि पाठीचे व खांद्याचे स्नायू नेमके कसे बसवलेले आहेत, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.

मी वडोदऱ्यात ३१ वर्षे फिजिओथेरपी करतो आहे आणि त्यातली काही वर्षे विद्यार्थ्यांना शरीररचनाही शिकवली आहे. तुमच्या प्रश्नातल्या ‘पाठ’ या एका शब्दातच बराचसा घोटाळा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मुलगा सदरा काढून पाठमोरा उभा राहिला की जे स्नायू उठून दिसतात, ते जवळजवळ सगळे पाठीचे नसून हाताचे आहेत. ते पाठीवर पसरलेले आहेत, मणक्यांना चिकटलेले आहेत, पण त्यांचे काम हात आणि फरा हलवण्याचे आहे. पाठीचे खरे स्नायू त्यांच्याखाली, कण्याच्या दोन्ही अंगांना, दोरखंडासारखे उभे पडलेले असतात आणि वरून त्यांचा फक्त कंबरेकडचा फुगवटा तेवढा जाणवतो. हे दोन गट एकाच जागी एकावर एक असले तरी त्यांचा उगम, त्यांचे मज्जातंतू आणि त्यांची दुखणी निरनिराळी आहेत.

याचा पुरावा मज्जातंतूंमध्ये मिळतो. मज्जारज्जूपासून निघालेला प्रत्येक मज्जातंतू मणक्यांच्या फटीतून बाहेर पडताच दोन शाखांत विभागतो. मागची शाखा लहान असते. ती पाठीच्या खऱ्या स्नायूंना आणि त्यांच्यावरच्या त्वचेला जाते आणि तिथेच संपते. पुढची शाखा मोठी असते. ती छाती-पोटाच्या भिंतीला आणि हातापायांना जाते. गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाताची कळी धडाच्या बाजूला फुटते आणि तिला पुढच्या शाखांचेच मज्जातंतू मिळतात. पुढे त्या कळीतले काही स्नायू वाढता वाढता मागे सरकतात, धडावर पसरतात, मणक्यांपर्यंत आणि थेट कंबरेच्या हाडापर्यंत जाऊन पोचतात, पण आपला मूळचा मज्जातंतू सोडत नाहीत, तो ओढत बरोबर घेऊन जातात. म्हणूनच लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद स्नायू कंबरेपर्यंत उतरलेला असला तरी त्याचा मज्जातंतू मानेच्या सहाव्या ते आठव्या मुळांपासून निघून काखेतून खाली येतो. माणूस कुठेही राहायला गेला तरी त्याचे मूळ गाव आडनावावरून कळावे, तसे स्नायूचे मूळ त्याच्या मज्जातंतूवरून कळते.

सुश्रुताने पाठीवर जी १४ मर्मे, म्हणजे नाजूक जागा, सांगितली आहेत, त्यांत अंस (खांदा) आणि अंसफलक (फरा) यांच्या जोड्या आहेत. अंसाला इजा झाली तर बाहू ताठरतो आणि अंसफलकाला झाली तर बाहू बधिर होतो व सुकतो, असे त्याने नोंदवले आहे. इजा पाठीवर आणि परिणाम हातावर, हे निरीक्षण मला आजही फार मोलाचे वाटते, कारण फऱ्याच्या भोवती जे काही आहे ते हाताच्या सेवेतले आहे, हेच त्यातून दिसते.

आता हाडे पाहू. फरा म्हणजे बरगड्यांच्या मागच्या बाजूवर, साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीपर्यंत, टेकलेला एक पातळ त्रिकोण. त्याच्या मागच्या पृष्ठावर हाताला लागते ती तिरकी धार. तिचे आतले टोक छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या काट्याच्या (मागे निघालेल्या टोकाच्या) पातळीवर येते आणि फऱ्याचे खालचे टोक सातव्याच्या पातळीवर येते. मान खाली घातली की तिच्या पायथ्याशी जो ठळक उंचवटा हाताला लागतो, तो बहुतेक वेळा मानेच्या सातव्या मणक्याचा काटा असतो. तिथून मोजत खाली आलात की या सगळ्या जागा तुम्हाला मुलांच्या पाठीवर सापडतील. फऱ्याची धार बाहेर जाऊन खांद्याचे छप्पर बनते आणि त्या छपराला समोरून हासळी, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, येऊन भेटते. हासळीचे दुसरे टोक छातीच्या मधल्या हाडाला जोडलेले असते. सबंध हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला आहे तो फक्त या एका लहानशा सांध्याने. फरा आणि बरगड्या यांच्यामध्ये हाडाचा सांधा नाहीच. फरा स्नायूंच्या गादीवर सरकतो आणि स्नायूंच्याच ओढीने जागेवर राहतो.

घोड्याला आणि म्हशीला हासळी नसते. त्यांचा पुढचा पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेला असतो, कारण त्यांना तो पुढे-मागेच टाकायचा असतो. आपल्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा त्याचा पंख्यासारखा रुंद फरा त्यांना दाखवा आणि हासळी शोधायला सांगा. ती सापडणार नाही. माणसाचा हात बाजूला जातो, डोक्यावर जातो, पाठीमागे जातो, तो धडापासून दूर धरून ठेवणारा हासळीचा टेकू असल्यामुळे. मल्लखांबावर एका हाताने भार तोलता येतो, तोही त्यामुळेच.

पाठीवरच्या पहिल्या थरात ट्रॅपेझियस आणि लॅटिसिमस डॉर्साय हे दोनच स्नायू येतात. दोन्ही बाजूंचे ट्रॅपेझियस एकत्र पाहिले तर त्यांचा आकार हुबेहूब पतंगासारखा दिसतो: वरचे टोक कवटीच्या मागच्या उंचवट्यावर, खालचे छातीच्या बाराव्या मणक्यावर, आणि दोन बाजूंची टोके दोन खांद्यांवर. कण्याकडून निघालेले हे तंतू हासळीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागावर, खांद्याच्या छपरावर आणि फऱ्याच्या धारेवर येऊन बसतात. वरचे तंतू खांदा वर उचलतात, मधले फरा कण्याकडे ओढतात आणि खालचे तंतू धारेचे आतले टोक खाली खेचतात. याला हलवणारा मज्जातंतू मात्र वेगळाच आहे. तो मानेतल्या मज्जारज्जूतून निघून आधी कवटीत शिरतो आणि पुन्हा बाहेर पडून मानेच्या बाजूने, त्वचेपासून फार खोल नसलेल्या वाटेने खाली उतरतो.

या उथळ वाटेने मला एक धडा दिला आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक बाई माझ्याकडे आल्या. एका रुग्णालयात त्यांच्या मानेच्या बाजूची एक लहान गाठ तपासणीसाठी काढली होती आणि नंतर महिनाभरात हात डोक्यावर जाईनासा झाला होता. मी त्यांना खांदा आखडला आहे असे समजलो आणि सहा आठवडे सांध्याचेच व्यायाम दिले. एके दिवशी त्यांना पाठमोरे बसवून दोन्ही बाजूंची तुलना केली, तेव्हा उजवा खांदा खाली उतरलेला, मान आणि खांद्यामधली कमान सुकलेली आणि फरा बाहेर सरकलेला स्पष्ट दिसला. गाठ काढताना ट्रॅपेझियसच्या मज्जातंतूला इजा झाली होती. ती लवकर ओळखली गेली असती तर त्यांना तज्ज्ञ शल्यचिकित्सकाकडे वेळेत पाठवता आले असते. त्या बाईंचे सहा आठवडे माझ्या अपुऱ्या तपासणीमुळे गेले, आणि तेव्हापासून खांद्याची तक्रार घेऊन आलेला एकही रुग्ण मी पाठ उघडी करून पाहिल्याशिवाय तपासत नाही.

लॅटिसिमस डॉर्साय हा शरीरातला सर्वांत पसरट स्नायू. तो छातीच्या खालच्या सहा मणक्यांपासून, कंबरेच्या जाड पडद्यापासून, कंबरेच्या हाडाच्या काठापासून आणि खालच्या तीन-चार बरगड्यांपासून निघतो, वर जाताना अरुंद होत फऱ्याच्या खालच्या टोकावरून जातो आणि काखेच्या मागच्या कडेला पीळ घेऊन दंडाच्या हाडाच्या पुढच्या बाजूला बसतो. त्या पिळामुळे खालून आलेले तंतू सर्वांत वर आणि वरून आलेले तंतू सर्वांत खाली बसतात. वर गेलेला हात खाली आणि मागे ओढणे हे त्याचे काम; हात दोरीला किंवा खांबाला घट्ट धरलेला असेल तर तोच स्नायू उलट धडाला हाताकडे वर ओढतो. दोरीच्या मल्लखांबावर चढणारी मुलगी प्रामुख्याने याच स्नायूच्या बळावर चढते. मुलांना तो ओळखून देण्याची एक सोपी युक्ती आहे: काखेची मागची घडी चिमटीत धरायला सांगा आणि एकदा जोरात खोकायला लावा, चिमटीत काहीतरी कडक झाल्याचे त्यांना जाणवेल.

ट्रॅपेझियसच्या खाली दुसरा थर आहे आणि तुमच्या मुलांचे बोट बहुधा तिथेच टेकते. मानेच्या वरच्या चार मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांपासून (बाजूंना निघालेल्या टोकांपासून) निघून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याला येणारा लेव्हेटर स्कॅप्युली, आणि मानेच्या सातव्यापासून छातीच्या पाचव्या मणक्यापर्यंतच्या काट्यांपासून तिरके खाली उतरून फऱ्याच्या आतल्या कडेला बसणारे लहान आणि मोठे असे दोन ऱ्हॉम्बॉइड. हे तिन्ही स्नायू फरा वर आणि आत ओढतात. पण तेवढ्यावर त्यांचे काम थांबत नाही. ते फऱ्याची आतली कड वर उचलतात आणि त्यामुळे फरा असा फिरतो की खांद्याची खोबण खाली तोंड करते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या सूचनेचे उत्तर तिच्यात आहे.

तिसरा महत्त्वाचा स्नायू पाठीवरून दिसतच नाही. सेराटस अँटेरियर हा वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून करवतीच्या दात्यांसारख्या पट्ट्यांनी निघतो, बरगड्यांना लपेटून मागे जातो आणि फऱ्याच्या खालून सरकत त्याच्या आतल्या कडेच्या पुढच्या बाजूला बसतो. फरा बरगड्यांवर दाबून धरणे आणि पुढे सरकवणे हे त्याचे काम आहे. ढकलण्याच्या प्रत्येक कृतीत तो लागतो. कसलेल्या पैलवानाच्या काखेखाली बरगड्यांवर जे बोटांसारखे उंचवटे दिसतात ते याचेच दाते. याचा लांब मज्जातंतू मानेच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मुळांपासून निघून छातीच्या बाजूने स्नायूच्या बाहेरच्या अंगावरून खाली उतरतो. इतक्या उघड्या वाटेमुळे तो जड दप्तराच्या पट्ट्याने, मानेला बसलेल्या हिसक्याने किंवा काही वेळा तापानंतरच्या दाहाने दुखावतो.

आता हात वर कसा जातो ते पाहा. हात बाजूने पूर्ण वर नेला की तो सुमारे १८० अंश फिरतो. पण त्यातले साधारण १२० अंश दंडाच्या सांध्यात आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून येतात. हे माप १९४४ साली इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट यांनी मांडले. पुढच्या मोजमापांत प्रत्येक टप्प्यावरचे प्रमाण कमी-जास्त आढळले, तरी फरा फिरला नाही तर हात पूर्ण वर जात नाही, हे तत्त्व कायम राहिले. फऱ्याला वर फिरवण्यासाठी तीन ओढी एकाच वेळी लागतात: ट्रॅपेझियसचे वरचे तंतू खांद्याचे छप्पर वर उचलतात, खालचे तंतू धारेचे आतले टोक खाली धरतात आणि सेराटस फऱ्याचे खालचे टोक बाहेर व पुढे खेचतो. तीन बाजूंनी ओढल्यावर फरा चाकासारखा फिरतो आणि खोबण वर तोंड करते. ऱ्हॉम्बॉइड आणि लेव्हेटर स्कॅप्युली यांची ओढ बरोबर याच्या उलट आहे.

म्हणून तुमच्या सूचनेबद्दल माझे मत असे आहे. बसलेल्या किंवा उभ्या स्थितीत, हात खाली असताना, खांदे अलगद मागे घ्यायला सांगणे चुकीचे नाही. पण हात डोक्यावर नेताना, मुद्गल फिरवताना किंवा खांबाला लटकताना ‘खांदे मागे दाबून धरा’ असे सांगितले तर मूल ऱ्हॉम्बॉइड आवळते, फरा फिरायचा थांबतो, आणि राहिलेले अंतर दंडाचा सांधा एकट्याने भरून काढू पाहतो. त्या सांध्याची खोबण इतकी उथळ आहे की दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिच्या संपर्कात असतो. अशा सांध्यावर वाढीव काम टाकणे मला धोक्याचे वाटते, आणि वाढत्या वयातल्या मुलांच्या बाबतीत तर अधिकच.

त्या गोल डोक्याला खोबणीच्या मध्यावर धरून ठेवणारे चार लहान स्नायू म्हणजे सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. पहिला फऱ्याच्या धारेच्या वर, पुढचे दोन धारेखाली आणि फऱ्याच्या बाहेरच्या कडेला, आणि चौथा, या चौघांतला सर्वांत मोठा, फऱ्याच्या बरगड्यांकडच्या पृष्ठावर लपलेला. यांच्या कंडरा सांध्याला तीन बाजूंनी बाहीच्या कफासारख्या वेढतात. डेल्टॉइड हा खांद्याचा गोलवा देणारा स्नायू एकटा आकुंचन पावला तर दंडाचे हाड सरळ वर छपरावर आदळेल; हे चार स्नायू त्याच क्षणी हाडाचे डोके आत आणि खाली दाबून धरतात, म्हणून ओढीचे रूपांतर फिरण्यात होते. हात उचलण्याचे पहिले १५ अंश सुप्रास्पायनेटस करतो आणि नंतर डेल्टॉइड काम हातात घेतो, असे जुन्या पाठांत शिकवले जाई आणि मीही ते तसेच शिकलो. स्नायूंतल्या विद्युत्‌लहरी मोजल्यावर दोघेही सुरुवातीपासून एकत्र काम करतात हे दिसले, त्यामुळे मी आता ते तसे शिकवत नाही. डेल्टॉइडबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: ज्या रेषेवर ट्रॅपेझियस येऊन संपतो, हासळी, छप्पर आणि धार, बरोबर त्याच रेषेच्या दुसऱ्या काठापासून डेल्टॉइड सुरू होतो. टेरेस मेजरचे नाव टेरेस मायनरसारखे असले तरी काम लॅटिसिमसचे आहे; त्याला मी लॅटिसिमसचा धाकटा भाऊ समजतो.

पाठीच्या खऱ्या स्नायूंकडे आता येतो. त्यांतला सर्वांत ठळक गट म्हणजे इरेक्टर स्पायनी, कण्याच्या प्रत्येक बाजूला तीन उभे स्तंभ: बाहेरचा बरगड्यांना बांधलेला, मधला सर्वांत लांब, कंबरेपासून कवटीपर्यंत पोचणारा, आणि आतला काट्यांना चिकटलेला. त्याच्याखाली मणक्याच्या आडव्या प्रवर्धापासून वरच्या काट्याकडे तिरके जाणारे लहान स्नायू आहेत. त्यांतला मल्टिफिडस कंबरेत जाड असतो आणि एकेक मणका जागच्या जागी धरून ठेवतो. कवटीच्या तळाशी, सर्वांत खोल, चार छोट्या स्नायूंच्या जोड्या आहेत. डोके किती झुकले, किती वळले, याची सूक्ष्म खबर मेंदूला पुरवणे हे त्यांचे मोठे काम आहे. या सगळ्या गटाला मज्जातंतूंच्या मागच्या शाखा जातात आणि हाताच्या हालचालीशी त्यांचा थेट संबंध नाही. माणूस पुढे वाकतो तेव्हा इरेक्टर स्पायनी लगाम धरावा तसा शरीराचा भार हळूहळू खाली सोडतो. पूर्ण वाकल्यावर मात्र तो जवळजवळ शांत होतो आणि भार अस्थिबंधांवर येतो, म्हणून पूर्ण वाकून झटक्याने वजन उचलण्याची सवय मी मुलांना लागू देत नाही.

उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर उभ्या असलेल्या मुलाकडे या दृष्टीने पाहिले की दोन्ही गट वेगळे दिसतात. तासन्‌तास मान मागे टाकून आकाशाकडे पाहणे हे मानेच्या खऱ्या पाठ-स्नायूंचे काम. त्यांचे दुखणे डोक्याच्या मागे आणि मानेच्या मध्यभागी जाणवते. हात उचलून मांजा धरणे, ढील देणे आणि झपाझप खेचणे हे ट्रॅपेझियस, ऱ्हॉम्बॉइड, लेव्हेटर स्कॅप्युली आणि लॅटिसिमस यांचे काम. त्यांचे दुखणे फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात आणि आतल्या कडेला, बहुतेक खेचणाऱ्या हाताच्या बाजूला. सवय नसलेल्या स्नायूने एकाच दिवशी इतके काम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वाधिक दुखतो आणि आठवडाभरात आपोआप शांत होतो. त्याला कमकुवत पाठ म्हणण्याचे कारण नाही. डिसेंबरपासून आठवड्यातून तीन वेळा खेचण्याचे व्यायाम आणि मान सावकाश चारी दिशांना फिरवण्याचा सराव ठेवलात तर बराच फरक पडेल, असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. फऱ्याच्या आतल्या कडेला जाणवणारी कळ पुष्कळदा तिथली नसतेच. मानेच्या खालच्या मणक्यांमधल्या चकत्यांमधून आलेली वेदना नेमकी त्याच जागी उमटते. मान मागे किंवा एका बाजूला झुकवली की कळ वाढत असेल, ती हातात उतरत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर फऱ्यावर तेल चोळत बसू नये, मान तपासून घ्यावी. मुलांच्या पालकांपैकी कुणाला चालताना किंवा जिना चढताना डाव्या फऱ्याच्या आसपास दडपण येत असेल आणि थांबल्यावर ते जात असेल, तर त्यांनी व्यायामशाळेत न येता आधी हृदयाची तपासणी करावी.

व्यायामात मी जे बदल सुचवतो ते थोडेच आहेत. जोर काढताना कोपरे सरळ झाल्यावर मुले तिथेच थांबतात. त्यांना आणखी दोन बोटे जमीन ढकलायला सांगा, इतकी की दोन फऱ्यांमधली जागा किंचित भरून येईल. हा शेवटचा ढकल म्हणजेच सेराटसचा व्यायाम आहे आणि तो गाळला तर निम्मा जोर वाया जातो. लहान मुलांना तोच भिंतीवर हात टेकून करू द्या. लटकण्याच्या प्रकारांत खांदे कानांना लागून शरीर निर्जीव लोंबू देऊ नका. कोपर वाकवण्याआधी, हात सरळ ठेवूनच, खांदे कानांपासून थोडे दूर ओढून घ्यायला शिकवा. या वेळी ट्रॅपेझियसचे खालचे तंतू आणि लॅटिसिमस आधी भार घेतात आणि सांध्याचे अस्थिबंध ताणले जात नाहीत. मुद्गलांची जोडी फिरवण्याचा व्यायाम मला फार पसंत आहे, कारण मागे झेपावणारे वजन थोपवताना खांद्याच्या कफाचे स्नायू ज्या तऱ्हेने काम करतात, तसे काम यंत्रांवर क्वचितच होते. जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव या व्यायामगुरूंच्या या शहरात हे साधन अजून जिवंत आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र वजन मुलाच्या वयाला साजेसे हवे आणि फिरवताना कंबरेतून मागे वाकून हात वर नेण्याची चोरी होता कामा नये.

आता त्या १५ वर्षांच्या मुलाविषयी, कारण या पत्रातली सर्वांत तातडीची बाब तीच आहे. त्याला पाठमोरा उभा करा आणि दोन गोष्टी पाहा. दोन्ही हात समोर सरळ धरून भिंत ढकलताना फऱ्याची संपूर्ण आतली कड आणि खालचे टोक उचलले जात असेल, फरा कण्याकडे सरकत असेल, आणि हात समोरून वर नेणे जड जात असेल, तर संशय सेराटसवर जातो. याउलट खांदाच खाली उतरलेला दिसत असेल, फरा बाहेर सरकला असेल आणि हात बाजूने वर नेताना पंख अधिक उठत असेल, तर ट्रॅपेझियसचा विचार करावा लागतो. थकल्यावरच किंचित उठणारा आणि दोन्ही बाजूंना सारखा असलेला फरा बहुतेक वेळा केवळ ताबा कमी असल्याचे लक्षण असतो आणि वर सांगितलेल्या सरावाने सुधारतो. पण एकाच बाजूचा, विश्रांतीतही दिसणारा किंवा वाढत जाणारा पंख व्यायामशाळेत सोडवण्याचा प्रश्न नाही.

त्याच्या पालकांना आणखी तीन गोष्टी विचारा. गेल्या काही महिन्यांत ताप येऊन नंतर खांद्यात असह्य कळ आली होती का? त्याला शीळ घालता येते का, आणि झोपेत डोळे पूर्ण मिटतात का? घरात आणखी कुणाचे खांदे असे आहेत का? पहिले उत्तर होकारार्थी असेल तर मज्जातंतूंच्या दाहाची शक्यता असते. शीळ घालता येत नसेल, डोळे अर्धवट उघडे राहत असतील किंवा घरात दुसऱ्या कुणाचे खांदे तसेच असतील, तर या वयात सुरू होणाऱ्या, चेहऱ्याचे आणि फऱ्याचे स्नायू क्षीण करणाऱ्या एका आनुवंशिक विकाराची तपासणी करावी लागते. दोन्ही बाबतींत त्याला मेंदू व मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे न्यायला हवे. स्नायूंची विद्युत्‌चाचणी इजेनंतर साधारण तीन आठवड्यांनी अधिक खात्रीचे उत्तर देते, म्हणून ती फार घाईने केली तर पुन्हा करावी लागू शकते. सेराटसचा मज्जातंतू केवळ दाबला किंवा ताणला गेला असेल तर तो बरेचदा सुधारतो, परंतु त्याला काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. तपासणी होईपर्यंत त्याचे जोर, मल्लखांब आणि हात डोक्यावर नेऊन वजन उचलणे पूर्ण बंद ठेवा. बैठका आणि धावणे चालू राहू द्या, म्हणजे त्याला रोज व्यायामशाळेत येता येईल. दप्तर त्या खांद्यावर घेऊ देऊ नका. पहिल्याच दिवशी दोन्ही फऱ्यांचे, हात खाली असताना आणि भिंत ढकलताना, पाठमोरे छायाचित्र काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून पुन्हा काढा. तज्ज्ञांना त्याचा फार उपयोग होईल.